फ्यूजच्या जागी चांदी बसवू नका

‘पावसात बाईक सुरू होत नाही? मेकॅनिकला पैसे देण्याआधी हे सहा उपाय करा’ असा एक मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. नऱ्ह्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो खरा मानला, त्यातला पहिलाच उपाय केला आणि टाकीखालचं वायरिंग वितळलं. धूर दिसल्याबरोबर त्याने बॅटरीची वायर उपसली म्हणून आग लागली नाही. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला उपाय असा: ‘फ्यूज उडाला असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवा. १२ व्होल्टने काही होत नाही.’

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, एवढंच खरं. वायर तापते ती तिच्यातून जाणाऱ्या करंटमुळे. सेल्फ मारताना हीच छोटी बॅटरी सहज ५० अँपिअरच्या वर करंट देते, पण त्यासाठी वेगळी जाड केबल असते. बाकीच्या बारीक वायरी तेवढ्यासाठी नसतात. त्यातली एखादी घासून चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली की तसलाच करंट तिच्यातून धावतो. १५ अँपिअरचा फ्यूज तिथे आधी वितळतो आणि वायर वाचते. घडी घातलेली चांदी वितळत नाही, मग वायरच जळते. आणि हा वायरींचा जुडगा बहुतेक बाईकना पेट्रोलच्या टाकीखालूनच गेलेला असतो! गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढून फ्यूजचं पान वाचा. ठरलेल्या अँपिअरचाच फ्यूज वापरा, जास्तीचा किंवा दुसरं काही बसवलं तर वायरिंग जळू शकतं, असं तिथे बजावलेलं असतं. गाडी बनवणाऱ्याचं ऐकायचं की ज्याने नावही लिहिलेलं नाही त्या मेसेजवाल्याचं?

फ्यूज उगाच उडत नाही. चावी बंद करून त्याच अँपिअरचा नवा बसवा. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. पुष्कळदा एक जादाचा फ्यूज गाडीच्या फ्यूजच्या डबीतच असतो, नाहीतर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किरकोळ पैशांत मिळतो. मग चावी फिरवा. लगेच उडाला तर शॉर्ट मुख्य लाइनवर आहे. ब्रेक दाबल्यावर उडाला तर ब्रेक लाइटची वायर बघा, हॉर्न दाबल्यावर उडाला तर हॉर्नची. हँडल वळताना मानेपाशी वायरी घासतात, मागच्या मडगार्डखाली चिखलपाण्यात त्यांचं कव्हर फाटतं. बाहेरून फॉग लॅम्प किंवा मोठा हॉर्न बसवून घेतला असेल, तर माझा पहिला संशय त्या चिकटपट्टीच्या जोडावर. ज्यांनी चांदी बसवली आहे आणि गाडी ‘मस्त चालू आहे’, त्यांनी ती आजच काढा.

दुसरा उपाय: ‘प्लग काढून हातात धरा, झटका बसला तर करंट येतोय.’ हे लिहिणाऱ्याचा मला खरोखर राग येतो. स्पार्क प्लगला जाणारं व्होल्टेज हजारांत असतं, वीस हजारांच्या वरही. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथे ठिणगी पाडणं म्हणजे आगीला बोलावणं. हे काम टेस्टर असलेल्या मेकॅनिकचं आहे.

‘बॅटरीत नळाचं पाणी टाका.’ नको. हल्लीच्या बहुतेक बाईकच्या बॅटऱ्या सीलबंद असतात, त्या उघडायच्याच नसतात. जुन्या पद्धतीच्या बॅटरीतही फक्त डिस्टिल्ड वॉटर.

‘ढकलून सुरू केली की कोणतीही गाडी सुरू होते.’ इथे अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या अशा सुरू व्हायच्या, आजही होतात. पण १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक बाईक फ्यूएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यात पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर ढकलून जमेल. पूर्ण मेली असेल तर नवले पुलापासून स्वारगेटपर्यंत ढकला, सहसा उपयोग नाही.

‘इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढा, बंद पडलं नाही तर चार्जिंग ठीक.’ असं केल्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. त्यापेक्षा व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिनला थोडी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान दिसलं की चार्जिंग होतंय.

सहावा उपाय, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) आणि साइड स्टँड बघा, हा बरोबर आहे आणि खरं तर पहिला असायला हवा होता. पावसाळ्यात साइड स्टँडच्या सेन्सरवर चिखल बसला तर स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो आणि ती सुरू होत नाही. नुसतं पाणी मारून पुसल्यावरही पुष्कळदा काम होतं. त्यानंतर बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का बघा. सेल्फ दाबल्यावर नुसतं ‘टक टक’ येऊन दिवे मंद होत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. गाडी बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ च्या आसपास हवं. १२ च्या खाली असेल तर सेल्फ मारत बसू नका, बॅटरी काढून चार्जिंगला द्या.