व्हिसामाफी म्हणजे नोकरीचे आमंत्रण नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मिरजेला असतो. आयटीआय करून त्याला दोन वर्षे झाली. कंत्राटी काम मिळते आणि सुटते. गेल्या आठवड्यात त्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली एवढेच विचारले, "मावशी, इराणला खरंच व्हिसा लागत नाही का? एक जण तिकिटाचं बघतो म्हणालाय." संदेशावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होती. तोच संदेश आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर मिळून तीनदा येऊन गेला होता, आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला होता, याचे मला फार वाईट वाटले.

संदेशाचा गोषवारा असा. भारतीय पासपोर्टवर आता ५९ देश व्हिसाशिवाय खुले झाले आहेत. थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, केनिया आणि इराण येथे केवळ पासपोर्ट आणि तिकीट पुरते. भारतीय पर्यटकांवाचून या देशांचे चालत नसल्यामुळे ही सोय कायमची आहे. पर्यटकांसाठी जगभर पायघड्या अंथरल्या आहेत. आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत: 'पर्यटक म्हणून जा, उतरल्यावर काम मिळते, तिथून पुढे युरोपलाही जाता येते.'

मी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी फार तर सहल बिघडेल; या वाक्याने माणसाचा जीव जाऊ शकतो.

इराणने फेब्रुवारी २०२४पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली होती, हे खरे आहे. पण त्या माफीला पहिल्या दिवसापासून अटी होत्या: हेतू फक्त पर्यटनाचा, मुक्काम जास्तीत जास्त १५ दिवस आणि तो वाढवून मिळणार नाही, सहा महिन्यांतून एकदाच, आणि प्रवेश केवळ विमानाने. यात कामाचा परवाना कोठेही नाही. या अटी गाळून उरलेले अर्धे वाक्य दलालांनी गावोगावी फिरवले, आणि त्याचे पुढे काय झाले हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी काढलेल्या सूचनेत स्वच्छ लिहिले आहे. नोकरीची खोटी आश्वासने देऊन किंवा तिथून तिसऱ्या देशात पोहोचवतो असे सांगून भारतीयांना इराणला नेण्यात आले, त्यासाठी व्हिसामाफीचाच वापर करण्यात आला, आणि तिथे उतरल्यावर अनेकांचे खंडणीसाठी अपहरण झाले, असे मंत्रालय म्हणते. या प्रकारांमुळे इराण सरकारने साध्या भारतीय पासपोर्टवरील व्हिसामाफी २२ नोव्हेंबर २०२५पासून स्थगित केली आहे. आता इराणमध्ये उतरण्यासाठीच नव्हे, तर इराणमार्गे पुढे जाण्यासाठीही व्हिसा लागतो. व्हिसाशिवाय नेतो किंवा इराणमार्गे पुढे पाठवतो असे सांगणाऱ्या एजंटांपासून दूर राहा, असेही त्याच सूचनेत बजावले आहे.

ही सूचना मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, दोन मिनिटांत वाचून होते. ती निघाल्यानंतरही हा संदेश इराणच्या नावासह फिरतो आहे, म्हणजे पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ती पाहिलेली नाही. पंजाबातील तीन तरुण १ मे २०२५ रोजी तेहरानमध्ये बेपत्ता झाले होते. त्यांना ऑस्ट्रेलियाला नेतो म्हणून सांगितले होते. घरच्यांकडे खंडणी मागितली गेली, आणि जूनच्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी त्यांची सुटका केली. 'तिथून पुढे युरोपलाही जाता येते' हे वाक्य आणि त्या तीन घरांत दिलेले आश्वासन यांत देशाच्या नावापलीकडे काही फरक मला दिसत नाही.

मी ही सूचना भाच्याला पाठवली. त्याने ती त्या तिकीटवाल्याला दाखवली, तर त्याचे उत्तर आले, "इराण नको तर बँकॉक करू, तिथे व्हिसा लागतच नाही." म्हणून बँकॉकबद्दलही लिहिणे भाग आहे. मार्च २०२५मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरील माए सोत येथून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणले. हे सर्व जण म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या केंद्रांतून, म्हणजे माणसांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेणाऱ्या अड्ड्यांतून, सुटलेले होते. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने अशाच ६०हून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचे सांगून काही दलालांना अटक केली. त्या तपासातून पुढे आलेली पद्धत अशी: चांगल्या पगाराची नोकरी सांगायची, पासपोर्ट-तिकिटाचे सगळे आपणच बघायचे, पर्यटक म्हणून थायलंडमध्ये उतरवायचे, आणि तिथून सीमेवर नेऊन लहान बोटींतून नदीपलीकडे म्यानमारमध्ये सोडायचे. पर्यटक म्हणून शिक्का घेतलेल्या माणसाला तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क नसतो, त्यामुळे त्याची अडवणूक करणे सोपे जाते. 'तिकिटाचं बघतो' म्हणणारा माणूस इतका उदार का असतो, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

आता बाकीचे मुद्दे. ५९ हा आकडा हवेतला नाही, हे मान्य करावे लागेल. आधी व्हिसा न काढता किती ठिकाणी जाता येते यावरून पासपोर्टांची क्रमवारी लावणाऱ्या हेन्ली पासपोर्ट निर्देशांकाच्या जुलै २०२५च्या यादीत भारताच्या नावापुढे तोच आकडा होता. पण त्या मोजणीत विमानतळावर उतरल्यावर पैसे भरून मिळणारा व्हिसाही धरला जातो, हे संदेशात नाही. इंडोनेशियाचे उदाहरण घ्या. बालीला उतरल्यावर भारतीयांना व्हिसा मिळतो, पण त्याचे ५ लाख रुपिया (तिथले चलन) मोजावे लागतात, आणि फेब्रुवारी २०२४पासून बालीत प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया वेगळे घेतले जातात. शिवाय त्या ५९मध्ये कॅरिबियनमधली आणि प्रशांत महासागरातली कितीतरी छोटी बेटे आहेत. तिथे पोहोचण्यासाठी वाटेत ज्या देशांत विमान बदलावे लागते, त्यांचा व्हिसा बहुतेक वेळा आधी काढावाच लागतो.

व्हिएतनाम या यादीत कसा आला, हे मला कळलेले नाही. भारतीयांना तिथे ई-व्हिसा लागतो. एका प्रवेशासाठी त्याचे शुल्क २५ डॉलर आहे आणि ऑगस्ट २०२३पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. केवळ फू क्वॉक या बेटावर थेट जाणाऱ्या परदेशी पर्यटकांना ३० दिवस व्हिसा माफ आहे. कोणीतरी बेटाची सवलत साऱ्या देशाला लावून टाकली असावी. केनियाने जानेवारी २०२४पासून व्हिसा रद्द केल्याची घोषणा गाजावाजा करून केली खरी, पण त्याच्या जागी आधी अर्ज करून, ३० डॉलर भरून घ्यायची ऑनलाइन परवानगी आणली. नाव बदलले, रांग संगणकावर गेली, पैसे राहिलेच.

थायलंड आणि मलेशियाच्या बाबतीत मूळ माहिती २०२५अखेर बरोबर होती, आणि हे देश भारतीयांना मनापासून बोलावत आहेत, हेही बरोबर आहे. त्यामागचे कारणही उघड आहे. २०१९मध्ये थायलंडला सुमारे १ कोटी १० लाख चिनी पर्यटक गेले होते. २०२३मध्ये ते ३५ लाखांच्या आसपासच परतले. ही खोट भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडने भारतीयांचा व्हिसा माफ केला, डिसेंबरमध्ये मलेशियाने भारतीय आणि चिनी या दोघांचाही केला, आणि २०२४मध्ये २१ लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले. पर्यटक खेचण्याची ही आजची सर्वांत सोपी युक्ती आहे: नवे विमानतळ किंवा हॉटेले बांधण्याआधी कागद कमी करायचे. त्यात गैर काहीच नाही.

पण हा बाजाराचा निर्णय असल्यामुळेच त्याला 'कायमचा' म्हणता येत नाही. थायलंडची माफी आधी सहा महिन्यांपुरती होती, मग ती वाढवली, मग जुलै २०२४मध्ये ९३ देशांसाठी ६० दिवसांची केली, आणि २०२५च्या मार्चमध्ये त्यांच्याच पर्यटनमंत्र्यांनी ती पुन्हा ३० दिवसांवर आणण्याचा विचार बोलून दाखवला. कारण काय, तर पर्यटक म्हणून येऊन बेकायदा काम करणारे लोक. मलेशियाची माफी ३१ डिसेंबर २०२६पर्यंतच जाहीर झालेली आहे. शिवाय दोन्ही देशांत निघण्याआधी डिजिटल आगमनपत्र, म्हणजे आपल्या प्रवासाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज, भरावे लागते. थायलंडने ते १ मे २०२५पासून सक्तीचे केले आहे.

हे आगमनपत्र सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येते, हे मुद्दाम लिहिते आहे. मे महिन्यात माझे मोठे दीर आणि जाऊबाई बँकॉकला निघाले, तेव्हा गुगलवर सर्वांत वर दिसलेल्या एका संकेतस्थळावर त्यांनी दोघांचे मिळून साडेतीन हजार रुपये भरले. पावतीवर हत्तीचे चित्र होते आणि एका कंपनीचे नाव होते. थायलंड सरकारचा उल्लेख कोठेच नव्हता. भाऊजींनी ती पावती छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पासपोर्टसोबत जपून ठेवली होती. 'फक्त पासपोर्ट आणि तिकीट' असे वाचून निश्चिंत झालेली, शेवटच्या दिवशी धावपळ करणारी माणसेच अशा ठिकाणी सापडतात.

पायघड्यांच्या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. व्हेनिसने एप्रिल २०२४पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. बार्सिलोनाने २०२८च्या अखेरीस पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे १० हजारांवर परवाने संपवायचे ठरवले आहे. आपल्या शेजारचा भूतान, जिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही, तोही प्रत्येक भारतीयाकडून प्रत्येक रात्रीचे १२०० रुपये घेतो, आणि त्या पैशांतून आरोग्य, शिक्षण आणि जंगल सांभाळतो असे सांगतो. काही देशांना माणसे जास्त हवी आहेत, काहींना कमी आणि जास्त खर्च करणारी हवी आहेत.

ज्याला परदेशात कामच करायचे आहे, त्याच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट संकेतस्थळ आहे; नोंदणी असलेल्या भरती एजंटांची यादी तिथे मिळते. भाच्याने सांगितलेले नाव मी त्या यादीत शोधले, सापडले नाही. त्याचा पासपोर्ट मात्र 'तिकिटासाठी लागतो' म्हणून आधीच त्या माणसाकडे गेलेला होता. परवा बहीण आणि तिचे यजमान स्वतः जाऊन तो परत घेऊन आले.