बर्लिनचा पॉली-प्ले आणि बडोद्याची कॅसेट

व्हिडिओ गेमला संग्रहालयात जागा असावी की नाही, हा वाद जगात बहुतेक मिटलेला आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली पॅकमन, टेट्रिस यांच्यासह चौदा गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. बर्लिनमध्ये तर केवळ याच विषयाला वाहिलेले संग्रहालय १९९७ साली सुरू झाले आणि २०११ पासून ते ‘कार्ल-मार्क्स-आले’ नावाच्या प्रशस्त रस्त्यावर आहे. वाद उरला आहे तो इतिहास कुणाचा मांडायचा याचा. यंदा भाचीकडे बर्लिनला गेलो असताना हे संग्रहालय सवडीने पाहिले आणि बडोद्याला परतल्यावरही तो विषय डोक्यातून जाईना, म्हणून हे विस्ताराने लिहितो आहे.

तिथली मला सर्वांत भावलेली वस्तू म्हणजे ‘निमरॉड’ या यंत्राची प्रतिकृती. मूळ यंत्र इंग्लंडमधल्या फेरांटी कंपनीने १९५१ साली बांधले, तेही ‘निम’ नावाचा काड्यांचा खेळ खेळण्यासाठी. काड्यांचे काही ढीग मांडायचे, आपल्या पाळीला कोणत्याही एकाच ढिगातून हव्या तेवढ्या काड्या उचलायच्या आणि शेवटची काडी कुणाच्या वाट्याला येते त्यावर हारजीत ठरवायची, एवढाच तो खेळ. यंत्राला पडदा नव्हता. काड्यांच्या जागी दिवे होते आणि ते एकेक करून विझत. गणिती यंत्राची ताकद लोकांना दिसावी, हा बांधणाऱ्यांचा हेतू होता, पण लोकांना गणितात काडीचाही रस नव्हता, त्यांना फक्त यंत्राशी खेळायचे होते. त्याच वर्षी ते बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात आणले गेले, तेव्हा पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री लुडविग एर्हार्ड त्याच्याशी खेळले आणि हरले. बर्लिनकरांनी आपल्या इतिहासाची सुरुवात अशी आपल्याच शहरातल्या पराभवापासून धरली आहे, हे मला फार आवडले.

पुढचे पुष्कळसे ओळखीचे होते: अटारी, निन्टेन्डो, वेगवेगळ्या दशकांतल्या बैठकीच्या खोल्या, खुर्चीएवढी जॉयस्टिक. हरणाऱ्याच्या हाताला चटका, विजेचा झटका आणि चाबकाचा फटका देणारे ‘पेनस्टेशन’ नावाचे एक यंत्रही आहे. त्याच्यापुढे तरुणांची गर्दी होती. मी आपला हात खिशात ठेवला.

पण माझे पाय खिळले ते ‘पॉली-प्ले’पाशी. हे पूर्व जर्मनीत बनलेले एकमेव आर्केड यंत्र, १९८०च्या दशकाच्या मध्यावर कार्ल-मार्क्स-श्टाट या गावातल्या सरकारी कारखान्यात तयार झालेले. पन्नास फेनिगचे नाणे टाकले की आठांपैकी एक खेळ निवडता येत असे. त्यातला ‘ससा आणि लांडगा’ हा खेळ मी नीट पाहिला. चक्रव्यूहासारख्या वाटा, ठिपके वेचत पळणारा ससा आणि त्याच्या मागे लागलेले लांडगे. पॅकमन ज्याने एकदाही खेळला आहे, त्याला ही उघड उघड नक्कल आहे हे क्षणात कळेल. तरीही संग्रहालयाने ते यंत्र अडगळीत ठेवलेले नाही; उलट मानाने मांडले आहे, कारण भिंतीच्या त्या बाजूच्या मुलांच्या वाट्याला अस्सल जपानी पॅकमन फारसा आलाच नव्हता, त्यांनी खेळला तो ससा. तिथे उभे असतानाच भाचीने विचारले, “मामा, ह्यात आपलं काय आहे?” मी सगळी दालने पुन्हा फिरून आलो, भारतातला एकही डबा, म्हणजे गेमचे यंत्र, माझ्या नजरेला पडला नाही.

दोष त्यांचा नाही. आपणच जे जपले नाही, ते ते कुठून आणणार? निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा डबा जपानमध्ये १९८३ साली आला आणि आपल्यापर्यंत पोहोचला तो बहुतांशी नकलेच्या रूपात. सामुराई, मीडिया, टर्मिनेटर अशा नावांचे डबे नव्वदच्या दशकात घरोघरी आले, त्यांतले बरेचसे फॅमिकॉमवरून उचललेले होते. डब्यात खोचायच्या गेमच्या पेटीला कार्ट्रिज म्हणतात, पण तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, आपण म्हणायचो कॅसेट. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावायची, चॅनेलची कळ मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत फिरवायची, आणि ‘पिक्चर ट्यूब जाईल’ ही घरातल्या वडीलधाऱ्यांची बोलणी खात काँट्रा किंवा मारिओ लावायचा. ज्यांच्या घरी डबा नव्हता, ते बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा भागांत तासावर पैसे देऊन खेळत. ‘९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. यादीत खाली खाली जावे तसा तोच मारिओ नव्या नावाने पुढच्या एखाद्या स्टेजपासून सुरू होई. ही फसवणूक सर्वांना ठाऊक होती आणि तरी मोठ्या आकड्याची कॅसेट ज्याच्याकडे असे, त्याचा गल्लीत रुबाब असे. त्या यादीतली बनावट नावे कुणी लिहिली, कशाच्या जोरावर लिहिली, हा माझ्या मते एखाद्या प्रबंधाचा विषय आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की हा सगळा चोरीचा माल होता, त्याचे कौतुक कशाला? कौतुक आणि नोंद यांत फरक आहे, आणि हा फरक बडोद्याच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत; पण रविवर्मा घराघरात पोहोचला तो छापील ओलिओग्राफमधून, आणि चित्रांच्या अशा प्रती काढाव्यात हे त्याला पत्राने सुचवले होते ते बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनीच. ती छपाई अर्थातच अधिकृत होती, कॅसेटींची नव्हती; हे मान्य करूनच मी म्हणतो, की एखादी कला सामान्यांच्या घरात कशी शिरली हे पाहायचे असेल, तर मूळ कृतीबरोबर तिची स्वस्त प्रतही जपावी लागते. अजून एक गोष्ट. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. जिथे अधिकृत प्रतींची ही गत, तिथे आपल्या बेवारस कॅसेटींना कोण विचारतो?

हे काम बडोद्यात व्हावे असे मी म्हणतो, ते केवळ गावाच्या अभिमानापोटी नव्हे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे आणि तो देशातला या विषयाचा पहिला विभाग. खेळांची नोंद ठेवण्याची सवय तर या गावाला त्याहून जुनी आहे. द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड इथेच संपादित केले, आणि मल्लखांब, कुस्ती, हुतूतू या गोष्टी ज्ञानकोशात घालण्याजोग्या आहेत का, असा संकोच त्यांना वाटला नाही. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहून मोठे झालेल्या मुलांनीच त्या कॅसेटी घासल्या आहेत. त्याच इमारतीत एखादे तात्पुरते दालन मिळाले, तरी सुरुवात होईल.

मात्र काचेच्या पेटीत डबे मांडून ठेवणे मला मान्य नाही. बंद पडलेला गेम म्हणजे नुसते प्लॅस्टिक. आणि चालू ठेवायचा म्हटले की खरी अडचण समोर येते, ती टीव्हीची. बदके मारायच्या खेळाची बंदूक घ्या. खटका दाबल्याबरोबर पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतल्या संवेदकाला तो उजेड नेमक्या वेळी दिसला, तर नेम लागला. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे जमते, कारण तिचा उजेड वायरीतून येणाऱ्या संकेताबरोबरच उमटतो. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते आणि बंदूक आंधळी होते. म्हणजे डब्यांइतकेच जुने टीव्हीही जमवायला हवेत, आणि ते दुरुस्त करणारे कारागीर आहेत तोवर त्यांच्याकडून ते काम शिकूनही घ्यायला हवे. हे टीव्ही रोज भंगाराच्या गाडीवर जाताना दिसतात.

म्हणून बडोद्यातल्या आणि बाहेर गेलेल्या सर्व मंडळींना विनंती आहे. माळ्यावर डबा, कॅसेट, तिचे खोके, गल्लीतल्या दुकानाची दराची पाटी किंवा तिचा फोटो, काहीही असेल तर मला कळवा. वस्तू द्यायची नसेल तर फोटो काढून पाठवा आणि ती कुठून, साधारण किती रुपयांना घेतली होती ते लिहा. दुकान चालवलेले कुणी काका ओळखीचे असतील, तर त्यांच्याशी बोलायला मी स्वतः येईन. आणि चालू स्थितीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही कुणी काढून टाकत असेल, तर त्याने भंगारवाल्याच्या आधी मला फोन करावा. टेम्पोचे भाडे मी देतो.