दुपारची वीज आणि दिवेलागणीची वीज

नमस्कार साहेब,

सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीज प्रकल्पावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "सोलर अडीच रुपयाला पडतंय, तरी कोळशाच्या गार पडलेल्या बॉयलरचे पैसे आमच्याकडून काढतात आणि तुम्ही त्यांची वकिली करताय." अक्कलकोट रोडला तुमचे टॉवेलचे माग आहेत, बिल तुमच्या खिशातून जातं, तेव्हा राग समजू शकतो. वकिलीचं मात्र कबूल नाही.

अडीच रुपये खरेच आहेत. 2010 च्या लिलावांत सौर विजेला युनिटमागे दहा-बारा रुपये मागत होते. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातेत बोली 1 रुपया 99 पैशांवर आली. पण हा भाव उन्हाचा. एप्रिलात संध्याकाळी साडेसातला आपल्याकडे भिंतीसुद्धा हाताला चटका देतात. घरोघर कूलर, दुकानांत झगमगाट, तुमची दुसरी पाळी ऐन भरात, आणि पॅनेलमधून वीज शून्य. त्या युनिटला दुपारचा भाव कोण देणार?

ते युनिट आज बहुतेक वेळा कोळसाच देतो. फताटेवाडीला 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला 2017 ला सुरू झाला, दुसरा 2019 ला. दुपारी सौर वीज मुबलक असली की असे संच खाली आणतात, पण 55 टक्क्यांपर्यंतच, म्हणजे 660 चा 363 वर. त्याखाली ज्योत स्थिर ठेवणं अवघड जातं. कमी भारावर युनिटमागे कोळसाही जास्त जळतो, आणि रोजच्या चढउताराने बॉयलरच्या नळ्या थकतात. संच चालो वा न चालो, कर्जाचे हप्ते आणि पगार चुकत नाहीत. म्हणून वीज खरेदीच्या करारात स्थिर आकार वेगळा आणि इंधनाचा खर्च वेगळा. तुमच्या बिलावर 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' अशा दोन ओळी असतात ना, तसंच.

"मग साठवा की," असंही तुम्ही म्हणता. साठवावीच. घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचं उदंचन केंद्र आहे, तिथे वीज वापरून पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. पण चढवायला लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते. बॅटरी दिवसेंदिवस स्वस्त होतेय, तरी तिचा खर्च त्या अडीच रुपयांत धरलेला नसतो.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार करताना दुपारची वीज इतकी स्वस्त होईल असं धरलंच नव्हतं, आणि त्याचं ओझं ग्राहकाने एकट्याने का वाहायचं? शिवाय कोळसा शेकडो किलोमीटरवरून मालगाडीने आणायचा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, छतावर पॅनेल टाकू का? टाका. पण त्यांची वीज दिवसाच मिळणार, आणि केंद्राच्या 2023 च्या नियमांनी 10 किलोवॅटवरच्या उद्योगांना उन्हाच्या तासांत किमान 20 टक्के कमी दर आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जादा दर लावायला सांगितलंय. तेव्हा वॉर्पिंग (ताणा भरणं), डाईंग (रंगाई) जमेल तेवढं दिवसात ओढा. रात्रपाळीच्या कामगारांची समजूत मात्र तुम्हालाच काढावी लागेल.