एका मिलिसेकंदासाठी एवढा आटापिटा

गेमिंग मॉनिटर घ्यायचा म्हणजे काय, पडदा मोठा हवा, रंग बरे हवेत, झालं, असं वाटत असतं तोपर्यंतच सुख. मग माणूस पहिल्यांदा एखाद्या मॉनिटरचं खोकं नीट वाचतो. हर्ट्झ, मिलिसेकंद, निट्स, वर अमुक सिंक न् तमुक सिंक. शाळेत जे फिजिक्स टाळलं तेच आता पदरचे पैसे मोजून वाचायचं.

आमच्या ग्रुपमधला जाणकार म्हणाला, "२४० हर्ट्झच्या खाली बघूच नकोस." मी गणित मांडलं. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर साधारण १६.७ मिलिसेकंद राहते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलं की जवळपास १० मिलिसेकंद सुटतात, आणि तिथून पुढे २४० साठी आणखी खिसा रिकामा केला की हाती येतात पावणेतीन. ज्याला मागून कोणीतरी गोळी घातली हे मेल्यावर कळतं, त्याने ते पावणेतीन मिलिसेकंद ठेवायचे कुठे? बरं, हा जाणकार स्वतः २४० वाला, म्हणून त्याच्या पीसीवर बसून डिस्प्ले सेटिंग उघडलं तर विंडोज आपलं ६० वरच निवांत. मी काही बोललो नाही, गुपचूप बदलून दिलं. त्याला अजून फरक कळलेला नाही.

खोक्यावरच्या '१ मिलिसेकंद'चं, म्हणजे पिक्सेल रंग बदलायला किती वेळ घेतो त्या आकड्याचं, तर वेगळंच. तो आकडा बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला घाई करायला लावणारं सेटिंग, पार टोकाला नेल्यावर मिळतो, आणि मग पळणाऱ्या माणसाच्या मागे उजळ भूत पळायला लागतं. त्यामुळे ते सेटिंग परत मधल्या पायरीवर आणायचं, म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले तो बंद करायचा.

पॅनेल, अर्थात पडद्याचा प्रकार, निवडणं म्हणजे सरळ स्थळं बघणं. आयपीएस रंगाने देखणा, पण खोलीत अंधार केला की त्याचा काळा राखाडी दिसतो. व्हीएचा काळा खरंच काळा, पण अंधाऱ्या सीनमध्ये काही हललं की मागे शेपूट. टीएन चपळ, पण जरा बाजूने बघितलं की चेहराच उतरतो. ओलेड सर्वगुणसंपन्न, फक्त एकच चित्र रोज तासन्‌तास दाखवलं तर ते कायमचं मनात धरून बसतो.

आणि ४के? फुल एचडीचे २१ लाख पिक्सेल, ४केचे ८३ लाख, बरोबर चौपट. ते सगळं काढायचं कोणी, तर आपल्या त्या बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डने. ते आधीच असं घरघरतंय की शेजारच्या खोलीतून कोणीतरी मिक्सर बंद करा म्हणून ओरडतं. सगळ्यात आधी कार्ड किती फ्रेम काढतं ते बघायला हवं, मॉनिटर नंतर, पण हे खोक्यावर कोण छापणार!

शेवटी १४४०पी (फुल एचडी आणि ४केच्या मधलं), १४४ हर्ट्झ, आयपीएस घेतला. माझी किल-डेथ, म्हणजे किती मारले आणि कितीदा मेलो, होती तिथेच आहे. फक्त आता घरात दुसऱ्या कोणाच्याही स्क्रीनवर माउस हलवला की कर्सर अडखळताना दिसतो, मी "बघ बघ, तुटतोय" म्हणून दाखवायला जातो, आणि घरचे म्हणतात, एकदा डोळे तपासून घे.