छप्पर चुकलं की गाडी गेली

एखाद्या कंपनीने नव्या १/२४ किटची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या, घरी जोडून बनवायच्या प्लॅस्टिक मॉडेलची घोषणा केली की तासाभरात पहिला प्रश्न येतो तो ठरलेला: "इंजिन दिलंय का?" त्याच्या मागोमाग दारं उघडतात का, फोटो-एच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे पार्ट्स) आहे का, पार्ट्स किती आहेत. विचारणारे सगळे मनापासून विचारतात, गाड्यांवर जीव असलेली माणसं आहेत. पण माझं मत स्पष्ट आहे. पहिला प्रश्न बॉडीचा हवा. छपराची उंची, काचांचा उतार, चाकांच्या कमानींची गोलाई, नाकाचं वळण हे सगळं मूळ गाडीसारखं आलंय का? ते आलं असेल तर बाकीच्या उणिवा मी आनंदाने सोसेन. ते आलं नसेल तर इंजिनात स्पार्क प्लगच्या वायरी मोजून दिल्या असल्या तरी ते किट मला नको.

कारण साधं आहे. बाकी सगळं दुरुस्त होतं, बॉडी होत नाही.

गाडी उंच उभी राहिली तर सस्पेन्शन घासून खाली आणता येतं. रिम्स पटल्या नाहीत तर दुसऱ्या लावता येतात. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) पिवळी पडली असतील तर वेगळी छापलेली मिळतात. सीटबेल्ट, वायपर, बॅज, ब्रेक डिस्क, आरसे या सगळ्यांना पर्याय आहेत. आता छप्पर दोन मिलिमीटर बुटकं आलंय असं समजा. ते वर उचलायचं म्हणजे सगळे खांब करवतीने कापायचे आणि मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे भरायचे. मग पुढच्या काचेचा पार्ट बसत नाही, कारण तो बुटक्या चौकटीसाठी ओतलेला आहे. म्हणजे नवी काच व्हॅक्यूम-फॉर्म करायची, म्हणजे तापवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा हवेच्या ओढीने आकारावर बसवायचा. ती केली की काचेभोवतीची क्रोमची पट्टी, छपराच्या कडेची पन्हळ, दारांच्या खिडक्यांच्या चौकटी, एकेक करून सगळं नव्याने घडवायचं. हे करणारे कसबी लोक आहेत आणि त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण किट विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडून ही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. छप्पर बरोबर देणं हे कंपनीचं काम.

"दोन मिलिमीटरने काय बिघडतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. १/२४ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. मूळची ब्रिटिश मिनी घ्या. लांबी साधारण ३.०५ मीटर, उंची १.३५ मीटरच्या आसपास. १/२४ मध्ये ती सुमारे १२७ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर उंच होते. या ५६ मधून दोन मिलिमीटर काढा. खऱ्या मिनीचं छप्पर जवळपास पाच सेंटीमीटर खाली आलं. रस्त्यावर अशी मिनी दिसली तर गाड्यांची काडीची आवड नसलेला माणूससुद्धा मागे वळून बघेल, कारण मिनीचा चेहरा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे. नेमकं काय चुकलंय हे त्याला सांगता येणार नाही. चुकलंय एवढं मात्र लगेच कळेल.

दुसरं कारण याहून मोठं आहे. नवा साचा ही एका गाडीला कित्येक वर्षांत एकदा मिळणारी संधी असते. स्टीलचा साचा बनवणं हा किटमधला सर्वांत मोठा खर्च, आणि साचा एकदा झाला की तो दशकानुदशकं चालतो. एएमटी, एमपीसी, मोनोग्राम या अमेरिकन किट कंपन्यांचे जुने साचे, कंपन्यांचे मालक बदलत गेले तरी, आजही प्लॅस्टिक ओतत आहेत. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ मध्ये एकत्र आल्या. २०१८ मध्ये अमेरिकेतली मालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर रेव्हेल पुन्हा दुसऱ्या हातात गेली. साचे मात्र टिकले. ही गोष्ट मला फार आवडते, कारण त्यामुळे जुनी किट्स पुन्हा पुन्हा हाती लागतात. पण त्याच न्यायाने चुकीचं छप्परही टिकतं. शिवाय एका कंपनीने एखादी कमी लोकप्रिय गाडी काढली की दुसरी कंपनी तिच्या वाटेला सहसा जात नाही. बाजार तेवढा मोठा नसतो. पोर्शे ९११ किंवा निसान स्कायलाइन जीटी-आर असेल तर निदान आशा असते, कुणीतरी पुन्हा प्रयत्न करेल. एखाद्या साध्या कौटुंबिक सेडानला दुसरी संधी बहुधा मिळतच नाही. म्हणून नव्या साच्याची घोषणा झाली की माझ्या आनंदात थोडी धास्ती असते.

इंजिनाचा आग्रह आला कुठून, हेही समजून घ्यायला हवं. अमेरिकन किट्सची मुळं डीलरकडे ठेवायच्या जाहिरातीच्या मॉडेल्समध्ये आहेत. एएमटीने १९५८ पासून त्याच धर्तीवर वार्षिक किट्स काढली. एकाच खोक्यातून गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी, कस्टम किंवा रेसिंग अशी तीन प्रकारे बनवता यायची. त्या परंपरेत बॉनेट उघडून व्ही-८ दाखवणं हा छंदाचा गाभाच होता. १/२५ हे मापही तिथलंच. १/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. साडेचार मीटरची गाडी १/२४ मध्ये १८७.५ मिलिमीटर होते आणि १/२५ मध्ये १८०, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. तिकडे जपानमध्ये वेगळाच प्रवाह होता. १९७० च्या दशकात तिथल्या कितीतरी किट्समध्ये विजेची छोटी मोटर आणि बॅटरी बसत असे. त्यांना जागा हवी म्हणून गाडीच्या आतली जमीन वर उचललेली, सीटा उथळ आणि इंजिनाच्या जागी काहीच नाही. पुढे मोटर नाहीशी झाली, पण इंजिनाशिवायची किट्स राहिली. १९८० च्या दशकात फुजिमी या जपानी कंपनीने एन्थुझिअस्ट मालिकेत पोर्शे ९११ चं सहा सिलिंडरचं इंजिन आणि सस्पेन्शन इतक्या बारकाईने दिलं की आजही ती किट्स बांधताना श्वास रोखून बसावं लागतं. म्हणजे इंजिनाची भूक आपल्याला या कंपन्यांनीच लावली आहे, आणि ती खोटी नाही.

काही गाड्यांना इंजिन हवंच, हे मी मान्य करतो. १९३२ ची फोर्ड हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, म्हणून बांधायची तर बॉनेटच नसतं. तिथे इंजिन हाच गाडीचा चेहरा. १/२० ची फॉर्म्युला वन गाडी इंजिनाशिवाय अर्धीच. टामिया या जपानी कंपनीच्या लाफेरारीत मागच्या काचेखालून इंजिन दिसतं, तिथे ते वगळलं असतं तर फसवणूक झाली असती. पण पुढे इंजिन असलेली, बॉनेट बंद ठेवून शोकेसमध्ये जाणारी कूपे? तिथे माझा कौल बॉडीला.

उघडणाऱ्या दारांबद्दल तर मी याहून कडक आहे. किटच्या बॉडीचं प्लॅस्टिक साधारण एक मिलिमीटर जाड असतं. दार उघडलं की ती जाडी कडेला उघडी पडते, आणि १/२४ मध्ये ती खऱ्या पत्र्याच्या हिशोबाने २४ मिलिमीटर होते. बिजागरी ढोबळ दिसते. दार बंद केलं तरी फट राहतेच. खऱ्या गाडीत दाराभोवतीची फट चार-पाच मिलिमीटर, म्हणजे १/२४ मध्ये ०.२ मिलिमीटरच्या आसपास. वेगळ्या ओतलेल्या दाराने ती साधणं फार अवघड. बॉडीवरच कोरलेली रेषा हे मला जास्त खरं वाटतं, फक्त ती खोल हवी. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून मॉडेलवर जो थर चढतो तो मापाच्या मानाने प्रचंड असतो आणि उथळ रेषा त्यात बुजून जाते. नव्या किटकडून मी हे मागतो: दारांच्या रेषा रंग लावल्यावरही जिवंत राहतील इतक्या खोल द्या.

इंजिन न देता गाडीला न्याय देता येतो हे हासेगावा या जपानी कंपनीने गेल्या काही वर्षांत दाखवून दिलंय. होंडा सिटी टर्बो २, टोयोटा स्टारलेट ईपी७१, इसुझू जेमिनी, सुझुकी जिमनी. कुणाच्या भिंतीवर पोस्टर म्हणून लागणाऱ्या गाड्या नाहीत या, लोकांनी कामाला जाताना वापरलेल्या, बाजारहाट केलेल्या. पण सिटीचं ते चौकोनी, उंच, थोडं खट्याळ रूप किटमध्ये उतरलंय. इंजिनासाठी साच्यात खर्च करायचा असता तर अशा गाड्या निघाल्याच नसत्या, असं माझं ठाम मत आहे. सुपरकारला पूर्ण तपशील परवडतो, कारण ती जगभर खपते. छोट्या हॅचबॅकला तो परवडत नाही. म्हणजे प्रत्येक घोषणेखाली इंजिनाचा हट्ट धरताना आपण नकळत ठरवतो की पुन्हा फक्त फेरारी आणि ९११ च यावीत. मला ते नको. मला रस्त्यावरच्या साध्या गाड्या हव्या आहेत, आणि त्या बदल्यात बॉनेटखालची रिकामी जागा मी हसत स्वीकारतो. ज्यांना इंजिन हवंच आहे त्यांच्यासाठी आज थ्रीडी प्रिंट केलेली सुंदर इंजिनं मिळतात, सहा सिलिंडरची निसान आरबी२६ असो की अमेरिकन व्ही-८. इतका बारीक तपशील साच्यातून निघतही नाही. छप्पर असं वेगळं विकत मिळत नाही. मोजक्या लोकप्रिय गाड्यांसाठी रेझिनच्या दुरुस्त बॉड्या निघतात, बाकीच्यांना वाली नाही.

आकार चुकतो का, यावर "आता तर थ्रीडी स्कॅन असतं" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. स्कॅन मापं देतो. ती मापं साच्यात उतरवताना माणूस निर्णय घेतो. बॉडी साच्यातून सुटायला हवी, छोट्या कडा मोडायला नकोत, एकाच साच्यातून दोन-तीन आवृत्त्या निघायला हव्यात. शिवाय मॉडेल आपण वरून बघतो, खरी गाडी डोळ्यांच्या पातळीवर. नुसतं लहान केलेलं रूप हातात घेतल्यावर कधी कधी चपटं वाटतं, आणि चांगला डिझायनर ते ओळखतो. १/१२ च्या पोर्शे ९३४ साठी टामियाने खरी ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. ते किट १९७६ चं. स्कॅनर नसतानाही गाडीपाशी जाऊन तिला समजून घेण्याची ती जिद्द मला प्रत्येक नव्या घोषणेमागे हवी आहे.

आता आपल्या बाजूने काय करता येईल ते. टेस्ट शॉटचे, म्हणजे साच्यातून काढलेल्या पहिल्या चाचणी पार्ट्सचे, फोटो येतात तेव्हाच बोलायची वेळ असते, कारण साच्यातून स्टील अजून काढता येतं. पण "काहीतरी विचित्र दिसतंय" एवढ्याने काही होत नाही. मोजून बोलायला हवं. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो, अशा फोटोवरून निकाल देणं चूक. लांबून, मोठ्या लेन्सने, बरोबर बाजूने काढलेला फोटो मागा. मग व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतल्या अंतराला, गुणोत्तराचा आधार करा. मिनीचा व्हीलबेस २०३६ मिलिमीटर, म्हणजे १/२४ मध्ये ८४.८. खऱ्या गाडीच्या तशाच फोटोत आणि किटच्या फोटोत व्हीलबेस सारखा करून घेतला की छप्पर, खिडकीची खालची रेघ, बॉनेटची कड एकमेकांवर ठेवून पाहता येतात. फरक असेल तर तो आकड्यात सांगता येतो आणि आकड्यावर कंपनीला विचार करावा लागतो. कंपन्यांनीही घोषणेसोबत नुसतं बॉक्स आर्ट किंवा कॉम्प्युटरवरचं चकचकीत चित्र न देता असा बाजूचा फोटो लवकर द्यावा. चित्रातली गाडी सुंदर असतेच, तिच्यावरून काहीच कळत नाही.

बाकीच्या अपेक्षा थोडक्यात. खोक्यावर स्पष्ट लिहा, साचा नवा आहे की जुन्याच साच्याला नवी डेकल. जुना साचा असेल तरी मी घेईन, पण कळायला हवं. काचांचे मास्क द्या. डावं आणि उजवं, दोन्ही स्टिअरिंगचे डॅशबोर्ड द्या. टायर असं द्या की खोक्यात पडून शेजारच्या प्लॅस्टिकला खाणार नाही. क्रोमच्या पार्ट्सना स्प्रूचा (पार्ट्स धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा) जोड दर्शनी भागावर देऊ नका, तिथे कापलं की पांढरा डाग कायमचा. रेसिंग गाड्यांवरच्या तंबाखूच्या जाहिराती छापता येत नाहीत हे समजतं. निदान त्या जागेची मापं सूचनापत्रात दिलीत तर वेगळी डेकल बसवताना त्रास वाचेल.

तुमच्या संग्रहात ज्या किटचा आकार तुम्हाला अगदी बरोबर वाटतो त्याचा बाजूने, लांबून काढलेला फोटो खाली टाका. शक्यतो साध्या गाडीचा. इंजिन असलं-नसलं तरी चालेल.