सेक्रेटरी काकांचं बर्गन

आम्ही गेलो त्या स्वच्छतागृहाचा दर वीस क्रोन होता. नोटा, नाणी काही चालत नाही. दाराशेजारच्या डबीला कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा लागला की कडी सुटते. ही पद्धत मी आता झोपेतही सांगू शकेन, कारण नॉर्वेतल्या बर्गनमधली सकाळची उत्तम वेळ मी त्या दाराशी कार्ड धरून उभी होते. आधी काकू. मग काका. मग काकूंची बहीण, मग बहिणीचे यजमान. मग आमच्याच बोटीवरच्या दोन गुजराती मावश्या आल्या, त्यांना वाटलं मी तिथलीच बाई आहे. आत जाताना त्या 'थँक यू बेन' म्हणाल्या. बाकीच्यांनी तेवढंही नाही.

काकांचं कार्ड चालत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांनी ते काढलंच नाही. "फॉरेक्स कार्ड आहे हो ताई, बारीकसारीक रकमेला वापरलं की चार्जेस कापतात. तुमचं चालतंय ना? टेकवा, टेकवा. हिशोब करू नंतर." आणि बाहेर आल्यावर, हात झटकत, पहिला प्रश्न: "पावती नाही देत?"

हे काका कोपनहेगनला बोटीत चढलो त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आमच्या वाट्याला आले. मूळचे गिरगावचे, आता डोंबिवली. निवृत्त कशातून झाले ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सोसायटीचे सेक्रेटरी अजून आहेत. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लाल शाईने लावायची प्रथा त्यांनीच सुरू केली, ही माहिती सूप यायच्या आधी मिळाली होती. बर्गनला आमचे हे सर्दीचं निमित्त काढून बोटीवरच थांबले (बुफे दुपारपर्यंत उघडा असतो, सर्दीला बरा पडतो) आणि मी एकटीच उतरतेय हे काकांना कळलं. "एकट्या कशाला? आम्ही आहोत ना."

सकाळी आठला बोट लागणार, साडेचारला सगळे परत बोटीवर. कागदावर साडेआठ तास. त्यातला पहिला तास लिफ्टसमोरच्या रांगेत जातो आणि शेवटचा 'बोट सुटली तर' या धास्तीत. उरलेल्या वेळात माझ्या यादीत तीन गोष्टी होत्या: ब्रिग्गेनचे लाकडी वाडे, फ्लोयेन डोंगरावर जाणारी रेल्वे आणि कुष्ठरोग संग्रहालय. तिसऱ्याबद्दल मी कोणाला बोलले नव्हते.

पाऊस अर्थातच होता. बर्गनला वर्षाला साधारण मुंबईइतकाच पाऊस पडतो. मुंबई तो चार महिन्यांत उरकून टाकते, बर्गन बारा महिने पुरवून वापरतं. धक्क्यावरून बाहेर पडलं की लगेच जुना किल्ला लागतो, त्यात होकॉन राजाने बांधून घेतलेला दगडी दरबार आहे, 1261 साली त्याच्या मुलाचं लग्न तिथेच साजरं झालं. "मंगल कार्यालय," काका म्हणाले, आणि छत्री सावरत पुढे निघाले. ते एक बरोबर होतं.

ब्रिग्गेनपाशी मात्र ते थबकले. बंदराकडे तोंड करून उभी असलेली ती निमुळत्या कपाळांची लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेली असतात. कॅलेंडरवर कळत नाही ते हे, की त्यातली एकही भिंत ओळंब्यात नाही. खिडक्या एकीकडे कलल्यात, दारं दुसरीकडे. 1702 च्या आगीत जळाल्यावर पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधलेली ही वस्ती, 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत. काकांनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला.

"ह्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का?"

मी म्हटलं, झालं असेल.

"असेल नाही. बोर्ड लावायला हवा."

दोन वाड्यांमधल्या फळ्यांच्या अरुंद बोळात आम्ही शिरलो. आत डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास. एक सुतार वाशाला खाच पाडत होता. काळ्या जुन्या तुळईत नवं फिकट लाकूड असं बसवलं होतं की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. त्याच्या दाढीत भुसा होता. मी ते बघत उभी होते तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, त्याला विचारा, बिल्डर कोण आहे."

"काका, बिल्डर नाहीये. हे जुनं जपतात."

"विचारा तर खरं."

विचारलं. सुतार म्हणाला, कुजलेलं असेल तेवढंच काढतो, चांगलं असेल ते ठेवतो. मी सांगितलं. काका खिन्न हसले. "म्हणजे पॅचवर्क. पॅचवर्कने काही होत नाही. आमच्या गच्चीला तीनदा केलं." सुताराने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, तुमचं काम त्यांना फार आवडलं.

"रहिवासी किती?" 

रहिवासी नाहीत, दुकानं आहेत, कारागिरांच्या खोल्या आहेत.

"कमर्शियल! मग अडलंय कुठे? आमच्याकडे एक्कावन्न टक्के संमती गोळा करताना माझ्या चपला झिजल्या. इथे तर भाडेकरू." छत्रीच्या टोकाने त्यांनी जोत्याकडे बोट दाखवलं. "आणि हे खचतंय. खचतंय का नाही, विचारा."

हे मात्र मला सुतारासमोर विचारायला संकोच वाटला. विचारलं. त्याने हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. हो, खचतंय, म्हणाला. ही सगळी वस्ती जुन्या धक्क्यांच्या लाकडांवर आणि शतकानुशतकं साठलेल्या भरावावर उभी आहे. तो भराव पाण्यात बुडालेला होता तोवर टिकला. मग मागच्या बाजूला एक हॉटेल बांधलं, त्यात जमिनीखालचं पाणी उतरलं, भरावाला हवा लागली आणि तो कुजायला लागला. पाण्याची पातळी परत वर आणायला पुष्कळ वर्षं आणि पुष्कळ पैसे गेले.

मी हे मराठीत सांगून संपवायच्या आत काकांचा चेहरा उजळला. आख्ख्या सहलीत उजळला नव्हता इतका. "बघा! बघा! म्हटलं नव्हतं? बिल्डर!"

हा शब्द सुताराला कळला. त्याने मान हलवली, मागे वळून त्या हॉटेलाच्या दिशेने पाहिलं, आणि काकांनीही पाहिलं. दोघे काही वेळ तसेच उभे. भाषांतराला काही उरलंच नव्हतं. मग काकांनी फोन काढला आणि आपल्या सोसायटीच्या स्टिल्टमधल्या खांबाच्या तड्याचे फोटो दाखवायला सुरुवात केली. माझी अपेक्षा होती की हा शहाणा माणूस हसून कामाला लागेल. त्याने चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. वाळू कुठली, असं विचारलं. खाडीची असेल तर मिठाने आतली सळई गंजते, म्हणाला. काका माझ्याकडे वळले: "आमच्या कमिटीत एकालाही हे कळत नाही." आणि दुसऱ्या खांबाचे फोटो काढले.

पावसात, उभ्याउभ्या, डोंबिवलीतल्या खांबांवर हे किती वेळ चाललं ते मला सांगायचं नाही. मी आयुष्यात एकदाच बर्गनला येणार होते.

काकूंना मी तोवर तिथली कहाणी सांगितली. चौदाव्या शतकापासून इथे जर्मन व्यापाऱ्यांची, हान्सा संघाची, वखार होती. धान्य आणायचे आणि सुके मासे न्यायचे. हे मासे उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरून यायचे. वेसाव्याला बोंबील घालतात तसे तिथे कॉड मांडवांवर टांगून वाळवतात. आगीच्या भीतीने या वाड्यांत विस्तव पेटवायला मनाई होती, दिवासुद्धा नाही. थंडीच्या दिवसांत शेकायला आणि जेवायला मागच्या वेगळ्या दालनात जायचं. आणि लग्नाला परवानगी नाही.

"सुक्या मासळीच्या वासात राहणाऱ्याला मुलगी देणार होतं कोण," काकू म्हणाल्या. दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच, पण बावनकशी.

मासळी बाजारापाशी काकांना हिशोब आठवला. ऐटीत खिशात हात घालून त्यांनी माझ्या तळहातावर नाणी मोजली. मी ती उलटून पाहिली. डेन्मार्कची होती, कोपनहेगनला उरलेली.

"काका, ही इथे चालत नाहीत."

"क्रोन आहेत ना?"

"डॅनिश क्रोन आहेत."

"अहो भोक बघा, भोक. ह्यांच्या नाण्यालाही भोकच असतं. सारखंच आहे."

नॉर्वेच्या एक आणि पाच क्रोनच्या नाण्याला भोक असतं हे खरं आहे, आणि तेच तर दुर्दैव. शिवाय मोजून बघितलं तर नाणी फक्त दोन माणसांपुरती होती. बहीण आणि बहिणीचे यजमान 'वेगळं कुटुंब' धरले होते. सोसायटीच्या नियमाने वेगळा फ्लॅट, वेगळं बिल. तीनेकशे रुपयांसाठी तोंड कशाला उघडायचं, असं म्हणून मी गप्प बसले. अशा माणसांचा सगळा संसार आपल्यासारख्यांच्या या गप्प बसण्यावर चालतो.

डोंगरावरच्या रेल्वेचं काय झालं ते थोडक्यात सांगते. 1918 पासूनची ही फ्लोयबानेन, सहा-सात मिनिटांत 320 मीटरवर नेऊन सोडते. रांग रस्त्यावर आली होती, बंदरातल्या सगळ्या बोटींची माणसं त्यात होती. काकांनी रुपये करायला तिकिटाला आठने गुणलं, मग माणसांनी गुणलं. "वर काय आहे?" दृश्य आहे, मी म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. वर ढग होता. "हे इथनं पण दिसतंय."

मग मी पाय उचलले आणि कोणाला न सांगता चालायला लागले. ते मागे आलेच. "ताईंना रस्ते माहितीयत," असं बहिणीच्या यजमानांना सांगितलेलं मला ऐकू येत होतं.

माझं लहानपण वरोऱ्याचं. कुष्ठरुग्णांचं आनंदवन गावाबाहेरच. आजी सांगायची, सुरुवातीला तिथे पिकलेली भाजी कोणी विकत घ्यायला तयार नसे. ज्या जंतूमुळे हा रोग होतो तो 1873 साली बर्गनमध्येच आर्मावर हॅन्सन नावाच्या डॉक्टरला सापडला. त्याआधी कुष्ठरोग आनुवंशिक आहे असं इथले सर्वांत मोठे तज्ज्ञ डॅनिएलसेन म्हणत. ते हॅन्सनचे सासरे. सासऱ्यांचा सिद्धान्त जावयाने खोडून काढला आणि तरी दोघांचं जमायचं, यावरून नॉर्वेचे लोक किती थंड डोक्याचे असतील ते बघा. अर्थात हॅन्सन काही देवमाणूस नव्हता. रोग संसर्गाने होतो हे सिद्ध करायला त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता सुई टोचली. तिने तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 1880 मध्ये त्याची रुग्णालयातली जागा गेली. रुग्ण बाई, त्या काळात, डॉक्टरविरुद्ध! मला हॅन्सनपेक्षा ती बाई जास्त बघायची होती.

संग्रहालय म्हणजे सेंट यॉर्गनचं जुनं रुग्णालय, पंधराव्या शतकापासूनचं. शेवटचे दोन रुग्ण इथेच 1946 मध्ये वारले. मधलं लाकडी दालन, भोवती दोन मजल्यांवर खोल्यांची दारं. एका खोलीत वाकून पाहिलं: भिंतीला लागून पलंग, एक लहानशी खिडकी, आणि चालायला जेमतेम दोन पावलं. अशा खोलीत दोघं-दोघं राहायची, वर्षानुवर्षं. उंबऱ्याचं लाकूड मधोमध खोलगट झालं होतं. मी त्यावर हात ठेवला.

"किती स्क्वेअर फूट असेल?" मागून काका. "साठ? कार्पेट साठ धरा."

काकूंची बहीण दालनाच्या दाराबाहेर छत्री उघडूनच उभी होती. आत यायला ती तयार नव्हती, कशालाही हात लावायला तर नाहीच. "इथलं काही... म्हणजे, अजून असतं का हो हवेत?" मी सांगितलं, नाही. औषधाने पूर्ण बरा होतो, सहजासहजी लागत नाही, इथे तर कित्येक दशकांत रुग्णच नाही. तिने मान डोलावली आणि छत्रीसकट आणखी दोन पावलं मागे गेली. तोवर काकांनी घड्याळ पुढे केलं. साडेचारला अजून भरपूर वेळ होता, पण बोटीवर चहाबरोबर केक साडेतीनलाच येतात.

रात्री जेवायला आमचे हे आले. ताजेतवाने, सर्दीचा मागमूस नाही. खुर्ची ओढत त्यांनी विचारलं, "मग? काय काय बघितलंत?"

मी तोंड उघडणार इतक्यात काका म्हणाले, "ताईंनी आम्हाला महारोग्यांचं हॉस्पिटल दाखवलं."

टेबलावरचे चमचे थांबले. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मावश्यांनीही माझ्याकडे पाहिलं. काकूंच्या बहिणीने पर्समधून सॅनिटायझर काढलं, आधी स्वतःच्या हातांना चोळलं, मग यजमानांच्या, आणि बाटली माझ्या ताटापुढे सरकवली. झाकण उघडूनच. मला हात लावावा लागू नये म्हणून नव्हे.