पीपीटी येते, पुढे काय?

शिक्षक होऊ घातलेल्यांना तंत्रज्ञान शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, यावरून आम्हा शिक्षक-प्रशिक्षकांत नेहमी जुंपते. बहुतेकांचं उत्तर तयार असतं: पीपीटी बनवणं, व्हिडिओ जोडणं, गूगल फॉर्मवर चाचणी घेणं. अहो, हे विशीतल्या पोरांना एका दुपारी येतं. कित्येकांना तर शिकवणाऱ्यापेक्षा चांगलं येतं. त्यासाठी अख्खं सत्र कशाला घालवायचं? माझं म्हणणं साधं आहे. बटणं शिकवण्यातला वेळ कापा आणि एक साधन घेऊन एकच संकल्पना वर्गात शेवटपर्यंत नेऊन दाखवायला लावा.

या होऊ घातलेल्या शिक्षकांचे, म्हणजे छात्राध्यापकांचे, सराव पाठ बघायला मी मागच्या बाकावर बसते. तिथून एक गोष्ट वारंवार दिसते. स्लाइडवर सहा ओळी असतात आणि छात्राध्यापक मुलांकडे पाठ करून त्याच सहा ओळी मोठ्याने वाचत असतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियातून शिकण्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. चित्र दाखवून तोंडी समजावलं तर मुलं चांगलं शिकतात, पण बोललेलं तेच सगळं पडद्यावरही उमटवलं तर बऱ्याचदा शिकणं उलट कमी होतं, असं त्यांना दिसलं. वाचू की ऐकू, यातच डोकं अडकतं. तरी आमच्याकडे 'स्लाइड भरगच्च' हे अजून कौतुकाचं वाक्य आहे!

आता एक चांगलं साधन घेऊ. जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या पडद्यावर काढून हलवता येणारं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये आपल्या विद्यापीठातल्या प्रबंधासाठी ते बनवायला घेतलं, आज ते जगभर फुकट मिळतं. त्रिकोण काढायचा, कोन दाखवायचे, शिरोबिंदू धरून ओढायचा. कोन बदलतात, बेरीज 180 अंशच राहते. छात्राध्यापिका म्हणते, "बघा, नेहमी 180!" मुलं मान डोलावतात, पाठ संपतो.

पण दशांश स्थळं शून्यावर ठेवली असतील आणि त्रिकोण जरा वेगळा ओढला गेला, तर पडद्यावर 61, 61 आणि 59 दिसतात. मागून कोणीतरी ओरडतं, "बाई, 181 येतायत!"

माझ्या मते तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण इथून सुरू होतं. "ते सॉफ्टवेअरचं असतं, लक्ष देऊ नका," म्हणून पुढे सरकणारी शिक्षिका सॉफ्टवेअर उत्तम शिकलेली असू शकते. दुसरी थांबेल आणि विचारेल, हा जास्तीचा एक अंश आला कुठून? मग दशांश स्थळं वाढवून दाखवेल: 60.6, 60.6 आणि 58.8. तिन्ही आकडे जवळच्या पूर्णांकात बसवताना वर ढकलले गेले, म्हणून 181. आणि ती हुशार असेल तर आणखी एक पाऊल टाकेल. शंभर त्रिकोण ओढून पाहिले म्हणजे सिद्ध झालं का? नाही. त्यासाठी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी लागते आणि व्युत्क्रम कोन बघावे लागतात. ते फळ्यावर, खडूने, सगळ्यांसमोर हळूहळू केलेलं बरं.

कुठलं काम पडद्याचं आणि कुठलं खडूचं, हे कळणं म्हणजेच तयारी. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये मांडलं होतं की विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या पद्धती येणं वेगळं आणि तोच विषय कसा शिकवावा हे कळणं आणखी वेगळं. 2006 मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घालून 'टीपॅक' मांडलं. परीक्षेत त्यावर टिपा लिहायला सांगतात, विषय, पद्धती आणि तंत्रज्ञान अशी एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळं काढली की गुण मिळतात. त्या वर्तुळांच्या मधल्या जागेत 181 चा प्रश्न बसलेला असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

महागडी साधनं लागतात हेही खरं नाही. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात एक पद्धत रुजवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. हे हात वर करूनही जमतं. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये मुलांच्या हातात छापील कार्डं असतात, पर्यायाप्रमाणे कार्ड फिरवून धरायचं, शिक्षकाच्या एका मोबाइलचा कॅमेरा सगळी उत्तरं टिपतो. मुलांना उपकरण लागतच नाही.

खरी मेहनत प्रश्न काढण्यात आहे. एकसारखे दोन बल्ब एकसरीत जोडले, कुठला जास्त उजळेल? 'पहिला' हा पर्याय ठेवायलाच हवा, कारण वीज पहिल्या बल्बमध्ये थोडी 'खर्च' होते असं पुष्कळ मुलांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात प्रवाह दोन्हींतून सारखाच जातो, म्हणून उजेडही सारखा. चुकीचा पर्याय मुलांच्या डोक्यातून आलेला नसेल तर मतदानाचा निकाल काहीच सांगत नाही.

एआयबद्दल विचाराल, तर पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, त्याच्याकडून आणलं तरी माझी हरकत नाही. मी एवढंच विचारते, या प्रश्नाला कोण चुकेल आणि काय विचार करून चुकेल? इथे बोलती बंद झाली तर टाचण परत.

आणि आम्ही निरीक्षकही काही कमी नाही. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना असतो. प्रोजेक्टर लागला की बरोबरची खूण. मग पोरं कवितेच्या पाठालाही उडणारी अक्षरं आणणारच, गुण तिथेच आहेत ना! त्या रकान्यात दुसरंच विचारायला हवं: मुलांची उत्तरं बघून शिक्षकाने पुढची पाच मिनिटं बदलली का? आणि ज्याने विचार करून, कारण देऊन प्रोजेक्टर बंद ठेवला, त्याचे गुण कृपा करून कापू नका.